समुद्र गोठला की किनारा घाटावर जातो

वाचक विचारतात

प्रश्न : नॉर्वेतलं ट्रॉम्सो आणि अलास्कातलं उत्कियाग्विक (जुनं नाव बॅरो) ही दोन्ही समुद्रकाठची गावं. अक्षांशात दोन अंशांचाही फरक नाही. मग एकाची जानेवारीची सरासरी उणे ३ च्या आसपास आणि दुसऱ्याची उणे २५ च्या जवळ, असं का? (देवगड)

कारण एकाचा समुद्र उघडा राहतो आणि दुसऱ्याचा झाकला जातो. ट्रॉम्सोच्या किनाऱ्याला अटलांटिकचा उबदार प्रवाह लागून वाहतो, तिथलं पाणी ऐन हिवाळ्यातही ४-५ अंशांच्या घरात असतं. खारं पाणी गोठायला उणे १.८ अंश लागतात, म्हणून बंदर बारमाही चालू. अलास्काच्या बाजूला पॅसिफिकच्या पाण्याला वर यायला बेरिंगची सामुद्रधुनी एवढीच वाट. ती सुमारे ८५ किलोमीटर रुंद आणि जेमतेम ५० मीटर खोल. त्या फटीतून ऊब ती किती येणार?

खरी गंमत पुढे आहे. उत्कियाग्विकसमोरच्या बर्फाखालचं पाणी उणे १.८ अंशांचंच असतं, म्हणजे वरच्या हवेपेक्षा वीसेक अंशांनी उबदार. पण मध्ये बर्फाचं झाकण, त्यावर हिम, त्यामुळे ती ऊब हवेपर्यंत पोचतच नाही. जानेवारीत रत्नागिरीची पहाट १८-१९ अंशांची आणि पुण्याची ११-१२ ची असते, हे आपण दरवर्षी बघतो. समुद्र गोठला की उत्कियाग्विक किनाऱ्यावर बसल्या जागी घाटावरचं गाव होतं.

तिथला सर्वांत गार महिना बहुधा फेब्रुवारी. सूर्य जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात परत दिसतो खरा, पण तो देतो त्यापेक्षा जमीन अजून जास्त गमावत असते.

प्रश्न : उत्कियाग्विकला मे ते ऑगस्ट सूर्य मावळतच नाही म्हणतात. मग आपल्या वैशाखासारखं का तापत नाही? (वेंगुर्ले)

आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावर येतो. उत्कियाग्विकला २१ जूनलाही तो दुपारी ४२ अंशांच्या वर चढत नाही आणि मध्यरात्री क्षितिजापासून जेमतेम ५ अंशांवर रेंगाळतो. तिरपं ऊन जास्त जागेवर पसरतं, म्हणून पातळ पडतं. त्यातलं बरंचसं ताजं हिम परत आकाशात फेकतं, आणि उरलेलं बर्फ वितळवण्यात खर्ची पडतं. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळवायला जितकी उष्णता लागते, तितक्यात तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापेल. जुलैची सरासरी म्हणून ५ अंशांच्या आसपासच राहते, वर गार समुद्रावरून येणारं धुकं. ट्रॉम्सोत त्याच महिन्यात १२-१३ अंश असतात.

प्रश्न : मुलगा डिसेंबरात रशियाच्या उत्तर टोकाच्या मुर्मान्स्क बंदरात बोटीवर चढणार आहे, डेकवरचं काम. काय कपडे द्यावेत? (हर्णै)

मुर्मान्स्क बंदर गोठत नाही, पण जानेवारी-फेब्रुवारीची सरासरी उणे १० च्या आसपास असते. ताशी ३० किलोमीटर वारा असला तर उघड्या कातडीला ती उणे २० सारखी लागते. डिसेंबरभर आणि जानेवारीचा पहिला आठवडा सूर्य उगवत नाही.

सुती बनियन अजिबात नको. सूत घाम धरून ठेवतं आणि काम थांबलं की तोच घाम अंगावर गार होतो. आत लोकरीचं किंवा थर्मल, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारा सूट. कामाला लागण्याआधीच चेन थोडी उघडायची, घाम आल्यावर नव्हे. बूट एक नंबर मोठे घ्या. जाड पायमोज्यांवर घट्ट बूट चढवला की रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि पहिली तीच जातात. हातमोजे दोन थरांचे, म्हणजे बाहेरचा काढला तरी कातडी लोखंडाला लागत नाही. खोबरेल तेल दिलंत तरी चालेल, पण बाटलीत दगड होईल. ते २४ अंशांच्या खाली थिजतं. व्हॅसलिन बरं.

नाक, कान किंवा बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळायची नाहीत, शेगडीसमोरही धरायची नाहीत. आत येऊन ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ठेवायची आणि डॉक्टर गाठायचा. पुन्हा थंडीत जावं लागणार असेल तर वितळवूच नयेत, दुसऱ्यांदा गोठणं जास्त वाईट.

कपड्यांइतकाच महत्त्वाचा धोका तुषारांचा. हवा उणे २ च्या खाली आणि वारा जोराचा असला की उडालेलं पाणी रेलिंग, विंच, अँटेनावर आदळताच गोठतं. दहा सेंटिमीटर जाडीचा थर दर चौरस मीटरला ९० किलोच्या आसपास भरतो, आणि हे सगळं वजन बोटीच्या वरच्या अंगाला. बोट आडवी होऊन सावकाश उठायला लागली तर तेच लक्षण. तेव्हा वेग कमी करतात, तुषार कमी उडतील अशी दिशा धरतात आणि लाकडी हातोड्यांनी बर्फ फोडतात: आधी वरचा, आणि दोन्ही बाजूंचा बरोबरीने. एकच बाजू साफ केली तर बोट दुसरीकडे कलते. मुलाला सांगा, कमरेला दोर बांधल्याशिवाय या कामाला हात लावायचा नाही.

प्रश्न : तिकडे पाऊस किती? (मालवण)

उत्कियाग्विकला हिम वितळवून धरलं तरी वर्षाला १५० मिलिमीटरच्या आत. रत्नागिरीत जुलैच्या एखाद्या जोरदार दिवशी तेवढा पडून जातो. ट्रॉम्सोत वर्षाला हजारेक मिलिमीटर, आणि २९ एप्रिल १९९७ ला जमिनीवर २४० सेंटिमीटर हिम मोजलं गेलं होतं. एप्रिल संपताना!

प्रश्न : उत्कियाग्विककडची हवा खरंच आपल्यापेक्षा वेगाने तापते आहे का? (गुहागर)

हो, आणि सर्वांत ठळक शरद ऋतूत. समुद्र उशिरा गोठू लागला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाकणच नसतं, पाण्याची ऊब थेट हवेत येते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या हवामान नोंदी तपासणाऱ्या संगणकाने उत्कियाग्विकचे मागच्या वर्षभराचे आकडे बाजूला काढून टाकले. इतकी वाढ म्हणजे उपकरणात बिघाड असणार, असा त्याचा हिशेब. उपकरण ठीक होतं. उघड्या पाण्यामुळे शरदातली वादळं आता थेट किनाऱ्यावर आदळतात, आणि गोठलेल्या मातीचा तो किनारा लाटांनी वितळला की ढासळतो.