आठवडी बाजारालाही वार असतो

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मार्चअखेर गॅलरीचा गाळा सोडायचा, मालकाला तसं कळवूनही झालं, आणि यापुढे चित्रांची प्रदर्शनं कुठेही, मिळेल त्या जागी. ठरलंच आहे तर सोडावा की नाही यावर मी काही बोलत नाही. भाड्याचा आकडा तू लिहिलास, तो वाचून चहा गार झाला एवढंच सांगते.

गॅलरी म्हणजे जागा, असं मला कधी वाटलं नाही. मुंबईच्या केकू गांधींचा मूळ धंदा चित्रांच्या फ्रेमचा. चाळीसच्या दशकात आरा, हुसेन या चित्रकारांची चित्रं त्यांच्या फ्रेमच्या दुकानात लागायची. जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर त्यांनी केमोल्ड गॅलरी उघडली ती १९६३ साली, आणि २००७ मध्ये तीही प्रेस्कॉट रोडला हलली. भिंती बदलल्या, नाव राहिलं. मात्र दर वेळी लोकांना पत्ता ठाऊक होता.

म्हणून तुझ्या पत्रातला 'कुठेही' हा शब्द मला खटकला. आज कॅफे, उद्या वाडा, परवा कुणाची गच्ची, असं नको करूस. आठवडी बाजाराला कुठे भिंती असतात? सकाळी पाल ठोकतात, संध्याकाळी उतरवतात. पण वार ठरलेला असतो, आणि मिरच्यावाली बसते ती जागाही. सहा दिवस नसलेली बाई सातव्या दिवशी बरोब्बर सापडते. तू वर्षाला तीनच प्रदर्शनं कर, ऑक्टोबर ते मार्चमध्ये. जागा दोन धर आणि फिरून फिरून तिथेच जा. फिरती गॅलरी फार फिरली की कुणाचीच राहत नाही.

प्रभात रोडच्या बाजूला पाडायला निघालेले बंगले तुला मोहात पाडतील. रिकामे, उंच छताचे, पंधरा दिवसांसाठी जवळजवळ फुकट. मीही पडले होते. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी चित्रं टांगून झाली, दिवे लावायला गेलो, तर बटण दाबून काहीच होईना. मीटर केव्हाच काढून नेलेला. मी जागा पाहिली होती सकाळी अकराला, खिडक्यांतून ऊन येत असताना, आणि विचारलं काहीच नव्हतं. शेवटी जनरेटर आणला. त्याच्या घरघरीत चित्रकार काय बोलला ते पहिल्या रांगेलाही कळलं नाही. तेव्हा जागा बघायला जाशील ती संध्याकाळी सातला जा. प्रत्येक प्लगमध्ये मोबाइलचा चार्जर घालून बघ, संडासाचा नळ सोडून बघ.

जुन्या वाड्याच्या भिंतीत खिळा मारायचा विचारही करू नकोस. मातीचा गिलावा असतो, खिळ्याबरोबर ताटलीएवढा पोपडा हातात येतो. तुळईवरून तार सोड, नाहीतर प्लायचे आठ बाय चार फुटांचे पॅनल उभे कर. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर आला की बहुतेकांच्या नजरेला बरा पडतो. पण वाड्याची फरशी सरळ नसते, म्हणून मोजमाप फरशीपासून न घेता आधी दोरी ताणून घे. गुंडाळताना रंगाच्या बाजूला बबल रॅप थेट लावू नकोस, त्याचे गोल रंगावर उमटतात. आधी बटर पेपर.

आणखी एक. २०१७ मध्ये मुंबईत ससून डॉकच्या गोदामांत कलाप्रदर्शन भरलं, मासळीच्या वासासकट. तिथली बरीचशी कामं त्या जागेसाठीच केलेली होती, म्हणून तिच्यापुढे टिकली. तू तिथे नाजूक जलरंग नेले असतेस तर लोकांनी गोदामाचेच फोटो काढले असते. जागा फार सुंदर असली की मी जरा घाबरते.

तुझ्या चित्रकारांना भाड्याशी देणंघेणं नाही. त्यांचा प्रश्न एवढाच असेल, की न विकलेलं चित्र राहणार कुठे? तेव्हा गाळा सोडलास तरी एक कोरडी खोली हवीच, तळमजल्यावरची नको. फळ्यांच्या मांडणीत चित्रं उभी ठेव, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब. पुण्याचा पाऊस कॅनव्हासच्या पाठीला बुरशी आणतो, आणि ती दिसते थेट दिवाळीत. त्या खोलीचं भाडं आत्ताच हिशेबात धर.

गोव्यात प्रदर्शन भरवायचं म्हणशील तर घाई करू नकोस. तिथे विक्री करायची तर तिथली तात्पुरती जीएसटी नोंदणी लागते. ती ९० दिवसांची असते, आणि अंदाजे कर आधी भरावा लागतो. चित्रांवरचा कर सप्टेंबर २०२५ पासून १२चा ५ टक्के झालाय, तेवढाच दिलासा. राज्याबाहेर ५० हजारांवरचा माल नेताना ई-वे बिल लागतं. बाकीचं तुझ्या सीएला विचार, मला त्यातलं एवढंच पाठ आहे.

आता जे मला खरं सांगायचं होतं ते. आपल्याकडे दर गुरुवारी ते पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ यायचे, आठवतात? छत्री दाराशी ठेवायचे, चष्मा पुसायचे, प्रत्येक चित्रापुढे सारखाच वेळ उभे राहायचे. अकरा वर्षांत त्यांनी एकच छोटं जलरंगचित्र घेतलं, तेही हप्त्याने. विकलं गेल्याची लाल टिकली त्यावर लावताना तुझा हात थरथरला होता. असे लोक जाता-जाता आत येतात. पॉप-अपला, म्हणजे अशा चार दिवसांच्या प्रदर्शनाला, जाता-जाता कुणी येत नाही, ठरवून यावं लागतं, आणि ठरवायला निमंत्रण लागतं. इन्स्टाग्रामवरचं त्यांना दिसणार नाही. तेव्हा अभिप्रायाच्या जुन्या वह्या रद्दीत देऊ नकोस. त्यातले पत्ते उतरवून घे. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं. पुढच्या तिन्ही प्रदर्शनांच्या तारखा एकदमच लिहून टाक.

माझ्याकडे सहा पॅनल पडून आहेत. एकाचा कोपरा उंदरांनी कुरतडलाय, तो खाली येईल असा लाव. रविवारी टेम्पो घेऊन ये, पण मागच्या गल्लीतून. पुढे रस्ता खणून ठेवलाय.

तुझी,
काकू