ग्वेफेई हे नाव नव्हे, पदवी

प्रश्न : चीनमधील यांग ग्वेफेई या राणीच्या नादी लागून सम्राटाने राज्य बुडवले, असे वाचनात आले. तिच्या हाती खरोखर एवढी सत्ता होती का? राजवाड्यातले तिचे आयुष्य कसे होते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी एक दुरुस्ती. तांग राजवट तिच्या मृत्यूनंतरही 907 पर्यंत टिकली, त्यामुळे ‘राज्य बुडवले’ हे म्हणणे पुढच्या कथाकारांचे आहे. ‘ग्वेफेई’ हे तिचे नाव नसून सम्राज्ञीच्या खालोखालची पदवी होती.

तिचा जन्म 719 चा. प्रथम ती सम्राट श्वानझोंग याच्याच एका मुलाची पत्नी होती, म्हणजे नात्याने सम्राटाची सून. तिला थेट अंतःपुरात आणणे लोकलज्जेस्तव शक्य नव्हते, म्हणून आधी ताओ पंथाची संन्यासिनी करून तिचा पहिला संसार कागदोपत्री पुसण्यात आला. पुढे 745 मध्ये मुलाला दुसरी बायको करून दिल्यावर सम्राटाने तिला ग्वेफेई केले. तेव्हा तो साठीचा होता आणि ती सव्विशीच्या आसपास. तिचे मत कोणी विचारले होते का, याबद्दल दरबारी बखरी अर्थातच मूग गिळून आहेत.

ऐश्वर्य मात्र डोळे दिपवणारे होते. एकट्या तिच्या महालासाठी सातशे विणकर आणि भरतकाम करणारे राबत. तिच्या आवडीची ताजी लिची दक्षिणेतून घोड्यांची डाक बसवून राजधानी छांगआनला पोहोचवली जाई, तर हिवाळ्यात दरबार ह्वाछिंगच्या गरम पाण्याच्या कुंडांवर मुक्काम हलवी.

पण हे वैभव किती ठिसूळ होते, हे दोन प्रसंगांतून दिसते. 746 मध्ये सम्राटाची मर्जी खप्पा झाली आणि तिची रवानगी भावाच्या घरी झाली; दुपार झाली तरी स्वारी जेवेना, तेव्हा गाओ लिशी या विश्वासू खोजाने मध्यस्थी केली आणि त्याच रात्री वाड्याचे दरवाजे उघडून तिला परत आणले गेले. 750 मध्ये पुन्हा तेच घडले. या वेळी तिने केसांची एक बट कापून सम्राटाकडे पाठवली. दागदागिने सगळे आपलेच दिलेले आहेत, केस तेवढे आईवडिलांचे, म्हणून तेच पाठवते, असा तिचा निरोप होता. माझ्या मते तिच्या स्थानाचे इतके नेमके वर्णन दुसऱ्या कोणी केलेले नाही.

सत्ता होती ती तिच्या नात्यातल्या यांग ग्वोझोंगकडे, जो 752 पासून मुख्यमंत्री होता. त्याच्या आणि सरहद्दीवरील सेनापती आन लुशानच्या वैरातून 755 अखेर बंड पेटले. पुढच्या वर्षी सम्राट राजधानी सोडून पळाला. वाटेत मावेईच्या ठाण्यावर उपाशी, संतापलेल्या सैनिकांनी ग्वोझोंगला ठार मारले आणि तिचाही जीव मागितला. सम्राटाच्या हुकमावरून गाओ लिशीनेच एका बौद्ध देवळात तिचा गळा आवळला. जांभळ्या बिछायतीत गुंडाळून तिला रस्त्याकडेला पुरण्यात आले.

757 मध्ये राजधानीत परतलेल्या श्वानझोंगने, तोवर गादी मुलाकडे गेलेली असताना, तिचे प्रेत गुपचूप दुसरीकडे हलवायला माणसे पाठवली. देह कुजून गेला होता. अंगावरची सुगंधी द्रव्यांची पुरचुंडी तेवढी शाबूत होती. ती खोजांनी आणून म्हाताऱ्याच्या हाती दिली.