चाकणच्या गोदामातून जर्मनीत: रोबोटिक्सचा मास्टर्स करावा का?

तुम्ही विचारलंत की चाकणच्या गोदामात सहा वर्षं कन्व्हेयर आणि सॉर्टर सांभाळले, पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरचं प्रोग्रामिंग येतं, मेकॅनिकलची डिग्री आहे. जर्मनीत गोदामांच्या रोबोटिक्समध्ये शिरायचं तर आधी रोबोटिक्सचा मास्टर्स करावा का? माझं मत विचाराल तर करू नका. हाताशी एवढा अनुभव असताना दोन वर्षं पगार सोडावा असं त्यात काही नाही. मी जर्मनीत डॉर्टमुंडच्या आसपास अशाच यंत्रणा बसवून चालू करून देण्याचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोबो कारखान्यातून तयार होऊन येतो. माणूस कमी पडतो तो गोदामात त्याला कामाला लावायला. नॉर्वेच्या ऑटोस्टोअरचं उदाहरण घ्या. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, तिच्यात प्लास्टिकचे डबे एकावर एक रचलेले, मधे वाट म्हणून नाही. वरच्या रुळांवर रोबो फिरतात, हवा तो डबा उचलतात आणि पिकरसमोरच्या, म्हणजे ऑर्डरीचा माल काढणाऱ्या माणसासमोरच्या खिडकीवर, पोर्टवर उतरवतात. एका डब्यात 30 किलोपर्यंत माल बसतो. साध्या गोदामात पिकरचा जवळपास निम्मा वेळ नुसता चालण्यात जातो, हे तुम्ही रोज पाहता. इथे तो वेळ वाचतो आणि वाटांची जागाही.

पण हवा असलेला डबा तळाशी असला, तर वरचे सगळे उपसून बाजूला ठेवावे लागतात. काम झालेला डबा मात्र पुन्हा तळाशी जात नाही, वरच राहतो. त्यामुळे रोज खपणारा माल आपोआप वरच्या थरांत जमतो, पडून राहणारा खाली खाली जातो. कुठला माल कुठे ठेवायचा याचा तक्ता कुणी करत बसत नाही. मला या यंत्रणेतली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. अट एवढीच की ऑर्डर वेळेआधी कळायला हवी. उद्याच्या ऑर्डरी रात्री हाती आल्या तर रोबो रात्रीतच डबे वर आणून ठेवतात. दुपारी दोनला आलेली ऑर्डर चारच्या ट्रकने जायची असेल, तर तळातला एकेक डबा भारी पडतो. कट-ऑफ, म्हणजे त्या दिवशीच्या ऑर्डरी घेण्याची शेवटची वेळ, कुठे लावायचा, कुठली ऑर्डर आधी सोडायची, हे ज्याने ट्रक भरताना स्वतः पाहिलंय त्याला पटकन कळतं. तो माणूस तुम्ही आहात.

दुसरी बाब मास्टर डेटाची, म्हणजे प्रत्येक मालाच्या मापा-वजनाच्या नोंदींची. मालाची उंची चुकीची नोंदली की डबा गच्च भरतो, खोक्याचा कोपरा वर डोकावतो आणि रोबो अडतो. मग तेवढा भाग बंद करून माणसाला वर जावं लागतं. नवी यंत्रणा चालू होताना मी पाहिलेल्या बऱ्याच अडचणींचं मूळ अशा नोंदींतच निघालं. चाकणला खोकी मोजून, वजन करून नोंदी दुरुस्त केल्या असतील, तर सीव्हीत ते पहिल्या पानावर लिहा.

शिकायचंच असेल तर व्हीडीए 5050 वाचा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, गोदामात माल वाहणाऱ्या चालकविरहित गाड्या एकाच नियंत्रकाखाली चालाव्यात म्हणून जर्मनीतल्या वाहन आणि यंत्र उद्योगांच्या संघटनांनी मिळून ठरवलेला हा इंटरफेस आहे. दस्तऐवज फुकट मिळतो, निरोप एमक्यूटीटी या यंत्रांमधल्या संदेशांच्या साध्या प्रोटोकॉलवरून जातात, घरच्या लॅपटॉपवर प्रयोग करता येतात. सोबत टीआयए पोर्टल, सीमेन्सचं पीएलसी प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर. अर्जांसाठी अशा यंत्रणा पुरवणाऱ्या कंपन्या पाहा: डेमाटिक, युंगहाइनरिश, एसएसआय शेफर. ऑस्ट्रियात क्नाप आणि टीजीडब्ल्यू.

एक गोष्ट भारतातून येणाऱ्यांना ठाऊक नसते. पोर्टच्या स्क्रीनवर कोणी तासाला किती पिक केले हे नावानिशी दाखवणं आपल्याला साधं वाटतं. इथे जिथे कामगारांची निवडून आलेली समिती, म्हणजे बेट्रीब्सराट आहे, तिथे माणसाच्या कामगिरीवर नजर ठेवू शकणारी कुठलीही यंत्रणा तिच्या संमतीशिवाय चालू करता येत नाही. मला हा कायदा मनापासून योग्य वाटतो. मुलाखतीत रिपोर्टिंगचा विषय निघाला तर हे माहीत असू द्या.

आणि जर्मन भाषा यायलाच हवी. ऑफिसात इंग्रजी चालेल. पण रात्रपाळीचा फिटर आणि पोर्टवरची बाई जे सांगतात त्यातच बिघाडाचा पत्ता असतो. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात आत्ताच नाव घाला, बी1 ही मधली पातळी करूनच निघा. ब्लू कार्डवर, म्हणजे पदवीधरांच्या नोकरीच्या परवान्यावर, बी1 असेल तर 21 महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकतं, नुसत्या ए1 या पहिल्या पातळीवर 27 महिने.

ब्लू कार्डासाठी तुमचं विद्यापीठ आणि पदवी अनाबिनच्या, म्हणजे परदेशी पदव्यांच्या मान्यतेच्या जर्मन यादीत आधी तपासा. इंजिनिअरांना किमान पगाराची अट इतरांपेक्षा कमी आहे. 2025 मध्ये ती वर्षाला 43,759.80 युरो होती, आणि ती दर जानेवारीत बदलते. जोडीदाराला आल्याबरोबर नोकरी करता येते.

शेवटचं घरी बसून बोला. या कामात फिरती फार. यंत्रणा चालू करायच्या काळात सोमवारी निघून शुक्रवारी घरी, असे आठवडेच्या आठवडे जातात. तुमची मुलगी तीन वर्षांची आहे म्हणता. नव्या गावात, भाषा येत नसताना, ते दिवस वहिनींना एकटीने काढावे लागतील. त्यांची तयारी नसेल तर कमिशनिंगऐवजी, म्हणजे यंत्रणा चालू करून देण्याच्या कामाऐवजी, एखाद्या मोठ्या गोदामातच देखभाल अभियंत्याची जागा शोधा. पगार थोडा कमी, पण रोज घरी. आणि शहर ठरलं की त्याच आठवड्यात किटासाठी, म्हणजे बालवाडीसाठी नाव नोंदवा. जागा मिळायला महिने लागतात.