मारणाऱ्या नवऱ्यांचा गट चालवताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. चोपडा गावात बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांचा गट उभा राहतोय, याचा फार आनंद आहे. पण ‘रागावर ताबा शिकवणे’ हे पहिलं उद्दिष्ट खोडून टाक. हाच माणूस केळीच्या व्यापाऱ्यावर चिडतो, सोसायटीच्या सचिवावर चिडतो, पण तिथे हात उचलत नाही. ताबा त्याच्याकडे आहे. घरात तो सोडतो, कारण तिथे त्याला विचारणारं कोणी नाही.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात 1984 साली मार सोसलेल्या बायकांच्या सांगण्यावरून ‘सत्ता आणि नियंत्रण’ चक्र तयार झालं: नवरा बायकोला कोणकोणत्या मार्गांनी ताब्यात ठेवतो, हे दाखवणारी चाकासारखी आकृती. ते वापर, पण उदाहरणं इथली घे: कापसाचे पैसे तिला न दाखवणं, मोबाईल तपासणं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी न पाठवणं. मारहाण याच साखळीतली असते, हे त्यांना दिसलं पाहिजे.

दहा-बारा जण, आठवड्याला दीड-दोन तास, किमान सहा महिने. कॅलिफोर्नियात कोर्ट 52 आठवडे लावतं. दोन बैठकांच्या समजुतीने काही हलत नाही. गट एक बाई आणि एक पुरुष मिळून चालवा. त्यांनी एकमेकांशी बरोबरीने वागणं हाही धडाच असतो. संक्रांतीनंतर सुरू केलंस तर पेरणीआधी बराच भाग होतो. कापूस वेचणीत सुरू केलंस तर गट गळतो.

खरं काम एका प्रसंगावर होतं. प्रत्येकाने आपण केलेली एक मारहाण क्रमाने सांगायची: मी काय केलं, मला काय हवं होतं, मनाशी काय म्हणालो, तिला आणि मुलांना काय भोगावं लागलं, कुठे थांबता आलं असतं. ‘राग येस नि हात उठी जास’ असं आलं की तिथेच अडव. ‘मी तिला मारलं’ हे तोंडून निघेपर्यंत पुढे जाऊ नकोस. ‘ती उलट बोलली’ यावर चर्चा नको. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या 2006 च्या नियमांतही आहे की समुपदेशनात हिंसेचं समर्थन करता येणार नाही, आणि हे मारणाऱ्याला सुरुवातीलाच सांगायचं.

भडका उडण्याआधी घराबाहेर पडायचं, तासभर चालायचं, दारू प्यायची नाही, गाडी चालवायची नाही, मग परत यायचं: हेही शिकव. पण काही जण याचाच वापर तिचं बोलणं तोडायला करतात. म्हणून ही रीत तिलाही आधीच कळलेली असावी, आणि परतल्यावर ते बोलणं पुरं करायचं, ही अट ठेव. दारूचा उपचार वेगळा. दारू सुटली म्हणून मारहाण थांबतेच असं नाही.

बायकोशी वेगळ्या कार्यकर्तीने, वेगळ्या ठिकाणी बोलावं. तिचा शब्दही त्याच्या कानी जाता कामा नये. दोघांना समोरासमोर बसवू नकोस. तिथे बोललेल्याची किंमत ती रात्री घरी मोजते. त्याने गळा दाबला असेल, कोयता दाखवला असेल, ‘तू गेलीस तर फवारणीचं औषध पिईन’ म्हणाला असेल, किंवा ती नुकतीच वेगळी झाली असेल, तर धोका मोठा आहे. अशा वेळी गट बाजूला ठेवून तिच्या संमतीने कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. तातडीला 112, सल्ल्याला 181.

शेवटी तो दाखला मागेल. ‘इतक्या बैठकांना हजर’ एवढंच लिही. ‘सुधारला’ लिहू नकोस. तो कागद उद्या कोर्टात तिच्याच विरुद्ध पुढे येईल.