'बॅटरी मिल'मध्ये सेल बनत नव्हते हो!

एका ताईंनी विचारलंय. मुलीकडे इंग्लंडला गेल्या होत्या, ब्रिस्टलजवळ सॉल्टफर्डला नदीकाठची पितळेची जुनी गिरणी बघितली, तिला 'बॅटरी मिल' म्हणतात, तर मराठीत काय म्हणायचं? आणि घरच्यांनी फोटोखाली 'जुना बॅटरी कारखाना' लिहिलंय, ते चालेल का?

अजिबात नाही! फ्रेंच 'बात्र्' म्हणजे ठोकणे, आणि ठोकून घडवलेली भांडी म्हणजे बॅटरी. नदीच्या पाण्यावर चाक फिरायचं, जड हातोडे पितळेच्या पत्र्यावर धडाधड पडायचे, त्यातून पातेली-कढया निघायच्या. ठोकून पितळ कडक होतं म्हणून मधेमधे भट्टीत तावावं लागतं, ती भट्टी तिथे अजून उभी आहे. गिरणी १७२० च्या दशकातली, बंद पडली १९२५ ला. ठोक्याची गिरणी म्हणा, झालं.

आता खरी मजा. तोफा तटाला ठोकतात म्हणून तोफांची रांगही बॅटरी, आणि १७४९ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिनने वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या ओळीने जोडल्या तेव्हा हेच नाव उचललं. पुढे १८०० मध्ये इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञाने वीज मिळवायला धातूच्या चकत्यांची चळत रचली ती चांदी नाहीतर तांबं, आणि जोडीला जस्त. तांबं आणि जस्त, म्हणजे पितळेचे आईबापच की! निव्वळ योगायोग, पण हे कळल्यापासून मी दिसेल त्याला सांगत सुटलोय. भज्यांचं बॅटरसुद्धा याच कुळातलं बरं का, फेटतो ना आपण.

आणि आपल्याकडे भांडी ठोकायच्या या कामाला काय फक्कड शब्द आहे, मठारणे! काही विद्वान तो 'माठा'वरून आणतात, म्हणे माठासारखं गोल करणं. मग परात मठारतात ती काय माठासारखी असते? माझं मत, प्राकृत 'मट्ठ', संस्कृत 'मृष्ट', म्हणजे घासूनपुसून साफ केलेलं. यावर एकाने मला सुनावलं की मठारल्यावर तर टिकल्या उठतात, गुळगुळीत कुठे? अहो, ठोक्याला ठोका लागून पडला की अंग एकसारखं होतं, घट्ट होतं, हात फिरवून बघा की जरा.

परवा नाशकात भांडी बाजारात मठारलेला तांब्या मागितला तर पोरगा म्हणे, "काका, हॅमर्ड फिनिश का?" डोकंच फिरलं. तेवढ्यात आतून त्याचे आजोबा ओरडले, "मठारलेला रे, खालच्या फळीवर बघ!"