तेराव्यानंतरचे दिवस

ताई, तेरावं झालं, पाहुणे पांगले की घर खायला उठतं, मला ठाऊक आहे. आई गेल्यावर मी थेट सूर्यनमस्कारांना लागले आणि तिसऱ्यालाच रडू फुटलं. म्हणून सांगते, आत्ता जोराचं काही नको. उताणं झोपून, पाय वर भिंतीला टेकवून पाच-सात मिनिटं विपरीत करणी करा, कमरेखाली गोधडीची घडी. मी आईचीच घ्यायचे. त्या गोधडीला तिच्या कपाटातल्या कापराचा वास होता. रडू आलं तर पाणी कानात ओघळतं, ओघळू द्या. काचबिंदू असेल तर मात्र हे आसन नको, नुसतं शवासन.

ध्यानाला डोळे मिटले की आठवणी अंगावर येतात. तेव्हा डोळे अर्धे उघडे ठेवा, नाहीतर भ्रामरीची, म्हणजे ओठ मिटून भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडण्याची, पाच-सहा आवर्तनं करा. त्या गुंजारवात उच्छ्वास आपोआप लांबतो.

रात्री कोमट दुधात जायफळ, पण चिमूटभरच, जास्त बाधतं. अश्वगंधा मनाने सुरू करू नका. थायरॉईडची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि ताई, जगणंच नको वाटलं, तर सकाळची वाट बघू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.