खडी सुटणारं काँक्रीट आणि काचतंतू

प्रश्न : जळगावजवळ अंगणात पाणी जिरवणारं काँक्रीट टाकलं. वर्षभरात कडेची खडी सुटली. नव्याने टाकताना काचतंतू घालावेत का?

उत्तर : जरूर घाला, पण अल्कलीरोधक, झिर्कोनिया (झिर्कोनियम धातूचं ऑक्साइड) असलेलेच. साधे काचतंतू सिमेंटच्या अल्कलीने झिजतात. एका घनमीटरला १० मिमी खडी १४५० किलो, सिमेंट ३५० किलो, पाणी ११० लिटर आणि १२ मिमी लांबीचे तंतू अडीच किलो घ्या. तंतू जास्त झाले तर गोळे होतात, पोकळ्या बुजतात आणि पाणी जिरणंच थांबतं. म्हणून ते कोरड्या खडीवर भुरभुरून आधी मिसळा, मग सिमेंट, शेवटी पाणी. मूठ दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे. सिमेंट-पाण्याचा लगदा गळत असेल तर पाणी जास्त झालं, असा लगदा तळाशी साचतो.

तंतू तडे आवरतात, पण कोरड्या लगद्याची भरपाई करत नाहीत. खडी सुटते ती बहुतेकदा लगदा कोरडा पडल्यामुळेच. खानदेशच्या उन्हात तर पहाटेच टाका, वीस मिनिटांत प्लास्टिकने झाका आणि सात दिवस काढू नका. खाली काळी माती असेल तर ती फुगते. म्हणून जिओटेक्स्टाइलवर (पाणी जाऊ देणाऱ्या, माती अडवणाऱ्या कापडावर) २०० मिमी खडीचा थर आणि पाणी बाहेर नेणारा छिद्रांचा पाइप हवाच.